पुढची तारीख : विशेष आरोग्यगरजा असलेल्या बालकांच्या रुग्णालयभेटींचे नियोजन

आपल्या रुग्णालयाच्या बालरोग विभागात दिवसभरात सर्वाधिक वेळा उच्चारला जाणारा शब्द कोणता, असे कोणी विचारले, तर आम्ही एखाद्या आजाराचे वा औषधाचे नाव सांगणार नाही. तो शब्द 'तारीख' हा आहे. "पुढची तारीख कधीची दिली?", "तारीख चुकली, आता घेतील का?", "सिस्टर, दोन्ही तारखा एकाच दिवशी करून द्या ना." न्यायालयाच्या आवारात वावरणाऱ्यांना हा शब्द जसा परिचित, तसाच तो आमच्या बाह्यरुग्ण विभागातील बाकांवर बसणाऱ्या मातांनाही परिचित आहे. सर्दी-तापासाठी आलेल्या बालकाचा रुग्णालयाशी संबंध दोन-तीन तारखांत संपतो. परंतु ज्या बालकाला सेरेब्रल पाल्सी, थॅलेसेमिया, डाऊन सिंड्रोम, अपस्मार, स्वमग्नता वा जन्मजात हृदयविकार आहे, त्याचे व त्याच्या कुटुंबाचे आयुष्य वर्षानुवर्षे या तारखांभोवती फिरत राहते. या तारखांच्या आखणीविषयी आमचे सन्माननीय विश्वस्त, देणगीदार आणि पालक यांच्याशी थोडे विस्ताराने बोलावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

प्रारंभ आमच्याच एका चुकीपासून करणे योग्य ठरेल.

भोर तालुक्यातील एका वाडीवरून पाच वर्षांची एक मुलगी आमच्याकडे नियमित येत असे. तिला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे जन्माच्या सुमारास मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंच्या हालचालींवर कायमचा परिणाम झालेला. ती आधाराशिवाय बसू शकत नसे. फिजिओथेरपीसाठी तिला सोमवारी बोलावले जाई, फिटच्या औषधांसाठी शुक्रवारी, आणि अस्थिरोग विभाग लहान मुलांना मंगळवारी पाहत असे. वडील गवंड्याच्या हाताखाली, आई दुसऱ्याच्या शेतावर. एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब केल्यावर आठवड्यातून एकच खेप परवडे. ती खेप आई सोमवारी करी. मंगळवारच्या रकान्यात आमच्या कारकुनाने दोनदा 'गैरहजर' असा शिक्का मारला. सहा महिन्यांनी व्हावयाचा खुब्याचा एक्स-रे दीड वर्षाने झाला, तेव्हा डाव्या मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून बराच बाहेर सरकलेला होता.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या बालकांपैकी सुमारे एक तृतीयांश बालकांत खुबा असा सरकतो आणि ज्यांना चालता येत नाही त्यांच्यात हे प्रमाण त्याहून पुष्कळ अधिक असते. आरंभी हा सांधा दुखत नाही. आईला लंगोट बदलताना मांड्या थोड्या अधिक आवळलेल्या वाटतात, एवढेच. सरकणे कळते ते एक्स-रेवर. वेळीच कळले, तर बऱ्याचदा स्नायू सैल करण्याच्या लहान शस्त्रक्रियेवर भागते. उशीर झाला की हाड कापून पुन्हा बसवावे लागते, आणि त्यानंतर कित्येक आठवडे बालक प्लास्टरमध्ये राहते. या मुलीच्या वाट्याला ही दुसरी शस्त्रक्रिया आली.

आमच्या समाजसेविकेने आईला विचारले, "ताई, मंगळवारी का नाही आलात?" तेव्हा त्या माउलीने दिलेले उत्तर आम्ही विसरू शकलो नाही. "सोमवारी व्यायाम करून घेतला की तिचे पाय मोकळे होतात, ते मला दिसतं. मंगळवारी नुसता फोटो काढतात. दोन्हींतलं एकच जमत होतं, मग मी व्यायाम धरला. फोटो जास्त गरजेचा आहे हे मला कुणी बोललं नाही."

खरोखरच कोणी बोलले नव्हते. आमच्या केसपेपरवर दोन्ही तारखा एकाच निळ्या शाईने, एकाच आकाराच्या अक्षरात लिहिलेल्या होत्या. ज्या कुटुंबाला दोहोंपैकी एकच तारीख पाळता येते, त्याने कोणती पाळावी हा निर्णय आम्ही नकळत त्या आईवर सोपवला होता, आणि तो घेण्यास आवश्यक असलेली माहिती मात्र आमच्याजवळच ठेवली होती. 'गैरहजर' हा शिक्का कोणाच्या नावापुढे पडावयास हवा होता, याविषयी आमच्या मनात आता संदेह नाही.

न चुकणाऱ्या तारखा

त्यानंतर आम्ही जी पद्धत सुरू केली, तिचा गाभा अगदी साधा आहे. काही तारखा आठ-पंधरा दिवस पुढे गेल्या तरी चालतात. काही मुळीच चालत नाहीत. हा भेद डॉक्टरांच्या डोक्यात असतो. तो कागदावर, कुटुंबाच्या हाती आला पाहिजे. आता अशा बालकांच्या फाईलमध्ये न चुकणारी तारीख लाल शाईने लिहिली जाते व ती का चुकवू नये याचे एका ओळीचे कारण तिच्याखाली मराठीत लिहिले जाते.

हे ठरविणे वाटले तितके सोपे गेले नाही, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या बैठकीत प्रत्येक विभागाने आपली प्रत्येक तारीख लालच असल्याचे सांगितले. सर्वच तारखा लाल झाल्या, तर लाल शाईला काय अर्थ राहिला? अखेरीस आमच्या ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञांनी प्रश्न बदलला. 'ही तारीख महत्त्वाची आहे का?' असे न विचारता 'ही तारीख महिनाभर पुढे गेली, तर जे नुकसान होईल ते नंतर भरून काढता येईल का?' असे त्यांनी विचारले. त्यानंतर यादी झपाट्याने लहान झाली.

वाचकांना कल्पना यावी म्हणून काही उदाहरणे देतो. चौतीस आठवड्यांच्या आत अथवा दोन किलोहून कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत झालीच पाहिजे, आणि अगदी लहानग्यांची त्याहूनही आधी. पडद्यावरील रक्तवाहिन्यांची वाढ बिघडत असेल, तर लेसर वगैरे उपचारांसाठी मिळणारा अवधी काही दिवसांचाच असतो. तो उलटल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. बाळ काचेच्या पेटीतून नुकतेच घरी गेलेले असते, बाळंतीण आणि आजी त्याला बाहेर काढण्यास राजी नसतात, घरात बारशाची तयारी चाललेली असते, आणि नेमकी तेव्हाच ही तारीख येते. ही तारीख लाल.

जन्मतः आत वळलेल्या पावलासाठी पॉन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलतात. पाच-सहा आठवड्यांत पाऊल सरळ झालेले पाहून कुटुंबास आनंद होतो व येणे थांबते. परंतु पुढे तीन महिने दिवसाचे २३ तास, आणि त्यानंतर वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत झोपेच्या वेळी पट्टीला जोडलेले बूट घालावे लागतात. ते सोडले की पाऊल पुन्हा वळू लागते. येथे प्लास्टरच्या तारखा सहसा चुकत नाहीत. चुकते ती बुटांचे माप पाहण्याची तारीख. म्हणून लाल शाई तिला.

डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकांपैकी जवळजवळ निम्म्या बालकांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. त्यामुळे बाळ कितीही टवटवीत दिसत असले, तरी इको तपासणी पहिल्या काही आठवड्यांतच करून घ्यावी लागते. थायरॉईडची रक्ततपासणी जन्मानंतर, सहा महिन्यांनी, वर्षाने व पुढे दरवर्षी. ही वार्षिक तपासणी दहा-पंधरा दिवस पुढे-मागे झाल्यास काही बिघडत नाही, ती निळ्या शाईत राहते. थॅलेसेमियाच्या बालकास दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. तेथे शाईचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तारीख लांबली की मूल स्वतःच कोमेजू लागते आणि आईला ते दिसते. परंतु साठलेल्या लोहाचे प्रमाण पाहणारी तीन महिन्यांची तपासणी मात्र चुकते, कारण लोह यकृतात व हृदयात निमूटपणे साठत असते.

जे दिसते ते पाळले जाते आणि जे दिसत नाही ते राहून जाते, हा मनुष्यस्वभाव आहे. त्यासाठी पालकांना बोल लावण्यात अर्थ नाही.

एका दिवसात काय बसते

तारखा एकत्र आणणे हा नियोजनाचा दुसरा भाग. महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही बालरोग, अस्थिरोग, नेत्र आणि फिजिओथेरपी हे विभाग विशेष बालकांसाठी एकाच मजल्यावर एकत्र बसवतो. 'एकाच दिवशी सगळे करून टाका' ही पालकांची मागणी रास्त आहे. मात्र सगळेच एका दिवसात बसत नाही, आणि बसवावयाचे तर त्याला क्रम लागतो. हा क्रम आम्ही अनुभवातून, कधी फजिती होऊन शिकलो.

डोळ्यांत बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले की मुलाला जवळचे काही तास नीट दिसत नाही, प्रसंगी दुसऱ्या दिवसापर्यंतही. त्यानंतर त्याला मानसतज्ज्ञांपुढे बसवून चित्रे ओळखावयास सांगितली, तर ते मूल आहे त्याहून मागे असल्याची नोंद होते. असे एकदा घडले होते. म्हणून नेत्रतपासणी आता शेवटी. ईईजीसाठी मुलाला आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवावे लागते. अशा पेंगुळलेल्या मुलाची फिजिओथेरपी म्हणजे सर्वांनाच शिक्षा. म्हणून ईईजीचा दिवस वेगळा. बेरा ही श्रवणचाचणी आणि इको या दोहोंसाठी लहान मूल शांत झोपलेले असावे लागते. तेव्हा एकाच झोपेत दोन्ही उरकता आल्यास उत्तम. दात काढणे किंवा भरणे, पायातील ताठरलेल्या स्नायूंना इंजेक्शन देणे, अशी कामे भूल देऊन करावयाची असतील, तर भूलतज्ज्ञांच्या संमतीने ती एकाच भुलेत करता येतात. यामुळे बालकाची एक भूल वाचते व कुटुंबाची एक खेप.

उपाशी ठेवण्याविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. भुलेपूर्वी घन आहार व वरचे दूध सहा तास, आईचे दूध चार तास आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करतात. आमच्या जुन्या चिठ्ठीवर एवढेच छापलेले असे : 'सकाळी उपाशीपोटी आणावे.' अपस्माराच्या एका मुलाच्या आजीने ही आज्ञा इतक्या निष्ठेने पाळली, की सकाळचे फिटचे औषधही दिले नाही. उपाशी म्हणजे काहीच नाही, हा त्यांचा अर्थ शब्दशः बरोबर होता. मुलाला एम.आर.आय.च्या खोलीबाहेर बाकावरच मोठी आकडी आली. उपचार तत्काळ मिळाले, मूल बरे झाले; परंतु त्या दिवसाची तपासणी रद्द झाली आणि आजींनी स्वतःला दोष दिला. दोष चिठ्ठीचा होता. आता चिठ्ठीवर किती वाजेपर्यंत काय द्यावे हे घड्याळाच्या वेळेसह लिहून दिले जाते, आणि त्याखाली ठळक अक्षरात : 'फिटचे औषध चुकवू नये. भूलतज्ज्ञांनी सांगितल्याप्रमाणे नेहमीच्या वेळी घोटभर पाण्याबरोबर द्यावे.' याला एक अपवाद आहे. रक्तातील औषधाची पातळी तपासावयाची असेल, तर रक्त बहुधा सकाळच्या मात्रेपूर्वी घेतात. तेव्हा औषधाची बाटली सोबत आणून रक्त दिल्यावर लगेच मात्रा द्यावयाची असते. अशा दिवशी त्या बालकाचा क्रमांक पहिला लावला जातो.

क्रमांकाचा विषय निघाला म्हणून सांगतो. स्वमग्न बालकास गर्दी, पंख्यांची घरघर, मोठ्याने पुकारलेली नावे यांचा असह्य त्रास होतो. तासभर बाकावर बसल्यानंतर आत गेलेले असे मूल तपासूच देत नाही, आणि आईने सकाळपासून सोसलेले सारे वाया जाते. म्हणून अशा बालकांना आम्ही सकाळचा पहिला क्रमांक देतो, किंवा ओळखीच्या जागी, फाटकाजवळच्या पारावर, वडिलांसह थांबण्यास सांगून वेळ झाली की फोन करतो. रांगेतील इतरांना हे खटकते. "आम्ही सातपासून बसलोय, यांचा नंबर आधी कसा?" हा प्रश्न दर शनिवारी येतो, आणि विचारणाऱ्याचेही मूल तापाने फणफणलेले असते, त्यामुळे त्याला उत्तर देताना आमच्या मावशींची खरी कसोटी लागते. त्यांनी शोधलेला उपाय कोणत्याही सूचनाफलकापेक्षा उपयोगी ठरला आहे. त्या विचारणाऱ्यास त्याचा क्रमांक किती वाजता येईल ते अंदाजाने सांगतात. वेळ कळली की बहुतेकांचा राग ओसरतो.

खर्चाची बाजू

धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवल्या जातात, तसेच देयकांच्या एकूण रकमेच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत जमा होते, हे आमच्या देणगीदारांना विदित आहेच. या तरतुदीतून शस्त्रक्रिया होते, औषध मिळते. मात्र ज्या कारणामुळे भोरची ती माउली मंगळवारी येऊ शकली नाही, ते कारण कोणत्याही देयकात दिसत नाही. एस.टी.चे भाडे, बुडालेली रोजंदारी, घरी ठेवलेल्या धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या शेजारणीचे देणे. आपल्या देणग्यांतून उभा राहिलेला प्रवासनिधी याच खर्चासाठी आहे आणि तो लाल तारखांना प्राधान्याने वापरला जातो.

शासकीय सवलतींचा लाभ घेण्यासाठीही पुन्हा तारखाच लागतात! दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र असल्यास एस.टी.च्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले व त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल यांचाही समावेश झाला, हे अनेक पालकांना अद्याप ठाऊक नसते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुविकलांगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही विमा योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. या साऱ्यांसाठीचे अर्ज आमच्या समाजसेविका भरून देतात आणि प्रमाणपत्राच्या तपासणीचा दिवसही फाईलमधील तारखांशी जुळवून घेतात.

पालकांसाठी काही सूचना

औषधाची चिठ्ठी आणताच, तशी औषधाची बाटलीही आणावी. एकाच नावाचे पातळ औषध निरनिराळ्या तीव्रतेत मिळते, आणि 'पाच मिली देते' एवढ्यावरून मात्रा कळत नाही. घरी आलेली आकडी मोबाइलवर चित्रित करता आली तर करावी. मूल सुरक्षित कुशीवर वळवल्यानंतरच, अर्थात. तसे अर्ध्या मिनिटाचे चित्रण डॉक्टरांना पुष्कळ काही सांगून जाते. विचारावयाचे प्रश्न आदल्या रात्री कागदावर लिहावेत, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर ते आठवत नाहीत, हा सुशिक्षितांचाही अनुभव आहे. वडील किंवा आजी यांनी वर्षातून एकदा तरी आईसोबत यावे. फाईल एकट्या आईलाच ठाऊक असेल, तर ती आजारी पडताच सर्व तारखा कोलमडतात.

आणि येणे जमणार नसेल, तर दूरध्वनी करावा. कोणी रागावणार नाही. लाल तारीख असेल, तर समाजसेविका स्वतः विचारतील की अडचण कोणती, आणि शक्य असल्यास त्याच आठवड्यात दुसरा दिवस देतील. 'गैरहजर' हा शिक्का आम्ही बाद केला आहे. त्या रकान्यात आता 'फोन केला' असे लिहून त्यापुढे कारण नोंदवले जाते. बालविकास फाईल नोंदणीच्या खिडकीवर विनामूल्य मिळते. हरवल्यास दुसरी करून देतो, पण कृपया हरवू नये.

भोरची ती मुलगी आता तिसऱ्या शनिवारी येते. प्लास्टर निघाले आहे, मांडी मोकळी झाली आहे, आणि उजव्या खुब्याच्या एक्स-रेची पुढील तारीख तिच्या फाईलमध्ये लाल शाईने लिहिलेली आहे. तिचे दात मात्र किडले आहेत. दंतविभाग शनिवारी बंद असतो, त्यामुळे त्यासाठी तिच्या आईला अजूनही बुधवारची वेगळी खेप करावी लागते. महिन्यातून एक शनिवार दंतवैद्य, साहाय्यक आणि भूलतज्ज्ञ उपलब्ध करण्यासाठी येणाऱ्या खर्चाचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे.